मिनिटाला १६० क्विंटल

गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीचा २०२५-२६ च्या हंगामाचा पगार आहे ५ कोटी ९६ लाख डॉलर. डॉलरला ८६ रुपये धरले तर ५१२ कोटी रुपये. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये हंगामाला साखळी सामने ८२, म्हणजे सामन्यामागे सव्वासहा कोटी. सामना ४८ मिनिटांचा. करी मैदानात असो की बाकावर, घड्याळाचं एक मिनिट सरलं की १३ लाख रुपये.

वांकिडीत हा आकडा कापसातच मोजायला हवा. आसिफाबादहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्राची हद्द येण्याआधी वांकिडी लागतं. हा सगळा पट्टा कापसाचा. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी केंद्राचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. त्या भावाने १३ लाखांचा कापूस होतो १६० क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा धरा, आणि वीस एकरांचं वर्षभराचं पीक एका मिनिटात संपलं. पूर्ण सामन्याचा कापूस ७,७०० क्विंटल. हंगामाचा हिशेब केला तर सव्वासहा लाख क्विंटलांच्या वर जातो.

एवढं ऐकून माणूस गप्प होतो, आणि तिथेच थांबतो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. करीला एवढे पैसे देणाऱ्या मालकाला वाटेल तेवढे खेळाडू विकत घेता येत नाहीत. तिथे एका संघाच्या पगाराला मर्यादा आहे आणि २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर, म्हणजे १,३३० कोटी रुपयांच्या घरात आहे. त्यातला ३८ टक्क्यांहून जास्त भाग एकट्या करीचा, आणि संघात नेहमीच्या करारावरचे खेळाडू पंधरा. उरलेल्या चौदांचं काय करायचं, हा प्रश्न संघ चालवणाऱ्याची झोप उडवतो. आणि तो समजून घ्यायला वांकिडीच्या माणसाला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, कारण तोच प्रश्न आपल्या कबड्डीतही आहे.

जुना आदिलाबाद जिल्हा ११ ऑक्टोबर २०१६ ला चार जिल्ह्यांत वाटला गेला, आणि वांकिडी आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं. राज्य तेलंगणाचं, तरी इथल्या कितीतरी घरांतली बोली मराठी. म्हणून टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की इथल्या मराठी माणसाला दोन संघ आपले वाटतात: राज्याचा म्हणून तेलुगू टायटन्स आणि भाषेचा म्हणून पुणेरी पलटण. त्या दोन संघांच्या पगाराच्या चोपड्या २०२३ साली शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर पगारमर्यादा कशी चालते हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळलं असतं.

आधी थोडं मागे जाऊ. प्रो कबड्डीचा पहिला लिलाव मे २०१४ मध्ये मुंबईत झाला. संघ आठ, आणि प्रत्येकाला खर्चायला ६० लाख रुपये. सर्वात महागडा खेळाडू राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. संघाच्या थैलीतला साधारण पाचवा हिस्सा. २०१८ मध्ये हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. २०२३ च्या दहाव्या हंगामापूर्वी थैली ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटींवर नेली. साठ लाखांचे पाच कोटी, म्हणजे नऊ वर्षांत सव्वाआठ पटींहून थोडं जास्त. एनबीएने १९८४-८५ मध्ये पगारमर्यादा आणली तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती आणि १९९८-९९ मध्ये ३ कोटी डॉलर झाली. तीही अगदी तितकीच पट. त्यांना चौदा वर्षं लागली, कबड्डीला नऊ. मातीतल्या खेळाने हा पल्ला एवढ्या लवकर गाठला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता ९ ऑक्टोबर २०२३ चा मुंबईतला लिलाव. लिलावाला येताना प्रत्येक संघाची थैली सारखी भरलेली नसते. जे खेळाडू आधीच राखले, त्यांचे पैसे पाच कोटींतून वजा करून उरेल ते हातात. त्या दिवशी जयपूर पिंक पँथर्सकडे उरले होते सुमारे ८८ लाख, कारण आदल्या वर्षीचा विजेता संघ त्यांनी बराचसा तसाच ठेवला होता. पुण्याकडे सुमारे २ कोटी ८० लाख. टायटन्सकडे ३ कोटी ४४ लाख.

पाटण्याने सोडलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई बोलीला आला. ‘अ’ वर्गाची आधारकिंमत ३० लाख. बोली चढत चढत २ कोटी ३५ लाखांवर थांबली आणि शादलुई पुण्याचा झाला. स्पर्धेच्या इतिहासातली तोवरची सर्वात मोठी रक्कम. पण तो विक्रम त्याच दिवशी मोडला. पवन सेहरावतसाठी टायटन्सनी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले.

टक्क्यांत पाहू. पवन म्हणजे थैलीचे ५२ टक्के. शादलुई म्हणजे ४७ टक्के. ‘अर्धी थैली एका माणसावर उधळली’ असं म्हणायचं तर ते दोन्ही संघांना सारखंच लागू पडतं. संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू हवेत. अठराच धरले तरी पवननंतर उरलेल्या सतरांना सरासरी १४ लाख ९ हजार, आणि शादलुईनंतर उरलेल्या सतरांना सरासरी १५ लाख ५९ हजार. फरक माणशी दीड लाखाचा. सरासरीवरून पाहिलं तर दोन्ही संघ जुळे भाऊ.

हंगाम संपला तेव्हा पुणे २२ सामन्यांत १७ विजय आणि ९६ गुणांसह तक्त्यात पहिलं होतं. टायटन्स बावीसपैकी २ सामने जिंकून बारावे, म्हणजे शेवटचे.

पवन वाईट खेळला म्हणून असं झालं, असं कोणी म्हणत असेल तर ते त्याच्यावर अन्यायाचं आहे. त्याने चढाईत दोनशेच्या आसपास गुण मिळवले. कबड्डीत एकावेळी मॅटवर सात जण. एक चढाई तीस सेकंदांची. पवन पलीकडे जाऊन दोन गडी बाद करून येतो, टाळ्या पडतात. पुढच्या तीस सेकंदांत समोरचा चढाईपटू आपल्या अंगणात येतो. तेव्हा डाव्या कोपऱ्यात कोण आहे, उजव्या कोपऱ्यात कोण आहे, कव्हरमधल्या दोघांचं एकमेकांशी जमतं का, यावर ते दोन गुण टिकतात किंवा जातात. पवन बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला दुसऱ्या कोणीतरी गुण मिळवायला हवा. आणि पवनला घेतल्यावर टायटन्सच्या हाती लिलावासाठी राहिले होते फक्त ८४ लाख.

पुण्याच्या हाती तर त्याहूनही कमी, साधारण ४५ लाख. मग पुणे कशावर जिंकलं? लिलावाला येण्याआधीच जे घरात होते त्यांच्यावर. राखलेल्या सगळ्या खेळाडूंचा मिळून खर्च होता २ कोटी २० लाखांच्या आत. त्यात कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत. अस्लम अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. तो आणि मोहित दोघंही आठव्या हंगामात नवखे म्हणून पुण्याकडून मॅटवर उतरले होते. प्रो कबड्डीत विशीच्या आसपासच्या नव्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. संघ त्यांना लिलावाच्या चढाओढीत न उतरता घेतो, घडवतो, आणि पुढची काही वर्षं ठरलेल्या मानधनावर राखू शकतो. बाजारात ज्याची बोली कोटीच्या दिशेने धावली असती, असा खेळाडू त्या काही वर्षांत संघाला कितीतरी स्वस्तात मिळतो. पुण्याच्या चोपडीतली ती २ कोटी २० लाखांची बाजू प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट मोलाची होती. सरासरीच्या हिशेबात हे दिसत नाही, कारण सरासरी किंमत सांगते, मोल सांगत नाही.

त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. पकडीत सर्वाधिक गुण शादलुईचे, ९९. म्हणजे महागडा खेळाडूही पुरेपूर वसूल झाला. १ मार्च २०२४ ला अंतिम सामना झाला तो टायटन्सच्याच शहरात, हैदराबादच्या गच्चीबावलीत. त्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले. तीस सेकंद, चार गुण. आणि सामना संपला २८-२५, पुण्याच्या बाजूने. त्या तीन गुणांचा फरक कुठून आला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

किंमत किती चंचल असते हे पाहायचं तर सिद्धार्थ देसाईची पट्टी डोळ्यांपुढे धरावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडीचा हा चढाईपटू. २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि त्याने पहिल्याच हंगामात चढाईत दोनशेवर गुण कमावले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनी त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख दिले, त्या वर्षीची सर्वात मोठी बोली. २०२१ मध्ये त्याच संघाने १ कोटी ३० लाखांना परत घेतला, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा खांदा दुखावला. टायटन्स त्या हंगामात एकच सामना जिंकले. २०२२ मध्ये किंमत २० लाख. २०२३ मध्ये हरियाणाने १ कोटी दिले. छत्तीस, एकशे पंचेचाळीस, एकशे तीस, वीस, शंभर: माणूस तोच, गाव तेच. मधे बदलला तो एक खांदा. शेअर बाजारातला कागद असा वरखाली होतो तेव्हा आपण त्याला जोखीम म्हणतो. इथे त्या कागदाला घर आहे, आई-वडील आहेत, आणि कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची आहे. खेळाडूंच्या किमती वाचताना मला हे विसरता येत नाही.

पवनचीही तीच गोष्ट. नवव्या हंगामासाठी तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. थैलीचा अर्ध्याहून मोठा भाग बाकावर बसला. तरी थलायवाज त्या वर्षी पहिल्यांदाच उपांत्य फेरीपर्यंत गेले, कारण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढाईत २४३ गुण काढले. उपांत्य सामन्यात त्यांना हरवलं ते पुण्यानेच, ३९-३७ असं.

आता पुन्हा अमेरिकेकडे. तिथले आकडे मोठे असले तरी चाल हीच आहे. ओक्लाहोमा सिटी थंडरने जून २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं. त्यांचे दोन आधारस्तंभ, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन, तेव्हा नवख्यांच्या ठरीव करारावर होते. जिंकल्यावर काही दिवसांतच या दोघांसह तिघांच्या सह्या झाल्या: शाय गिल्जस-अलेक्झांडरला चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख डॉलर, होल्मग्रेनला पाच वर्षांचे २५ कोटींपर्यंत, विल्यम्सला पाच वर्षांचे २८ कोटी ७० लाखांपर्यंत. बेरीज ८२ कोटी २० लाख डॉलर, आपले ७,०६९ कोटी रुपये. प्रो कबड्डीच्या बाराही संघांची मिळून एका हंगामाची पगारमर्यादा ६० कोटी. या तीन सह्यांत आपली अख्खी स्पर्धा ११७ वर्षं चालेल.

उलट बाजूही तेवढीच अचाट. मिलवॉकी बक्सनी जुलै २०२५ मध्ये जखमी डेमियन लिलार्डला मोकळं केलं. कराराचे ११ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे राहिले होते. नियमानुसार ते पाच वर्षांत पसरले. तो गेला पोर्टलँडला, पण बक्सच्या चोपडीत दर वर्षी सव्वादोन कोटी डॉलर त्याच्या नावावर पडत राहणार. जो खेळाडू संघात नाही त्याच्यासाठी वर्षाला साधारण १९३ कोटी रुपये, म्हणजे कबड्डीच्या ३८ संघांची थैली. दुसऱ्या संघातला मोठा खेळाडू आणायचा तर पगारमर्यादेत जागा हवी, आणि जागा करायला त्यांनी ही किंमत मोजली.

तिथली मर्यादा आपल्यासारखी पक्की भिंत नाही. स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडता येते; लॅरी बर्डच्या नावाने हा नियम ओळखला जातो. आपल्याकडे जुन्या संघाला अंतिम बोलीची बरोबरी करून आपला खेळाडू परत घेता येतो, त्यामागची भावना तीच. मात्र मर्यादा ओलांडत गेलं की एका टप्प्यानंतर जबर कर बसतो. त्याच्याही पुढे, २०२५-२६ साठी २० कोटी ७८ लाख डॉलरवर, एक रेषा आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडूनही चालत नाही. २०२४ चे विजेते बोस्टन सेल्टिक्स या रेषेपायी वर्षभरात आपले दोन मोहरे, जरू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस, देऊन बसले.

पण एनबीएतले दोन आकडे मला करीच्या पगारापेक्षा मोलाचे वाटतात. पहिला: नवा करार कितीही मोठ्या खेळाडूचा असो, पहिल्या वर्षी तो सहसा मर्यादेच्या ३५ टक्क्यांवर जात नाही, आणि तेही मुख्यतः दहा वर्षं खेळलेल्यालाच. एरवी नव्याला २५, मधल्याला ३०. दुसरा: अनुभव शून्य असलेल्या, बाकाच्या शेवटी बसणाऱ्या खेळाडूलाही पूर्ण हंगामाचे किमान १२ लाख ७२ हजार डॉलर मिळतात. रुपयांत जवळपास ११ कोटी. प्रो कबड्डीचे दोन पूर्ण संघ त्यात मावतात. वर छत आहे, खाली पक्की जमीन आहे, आणि संघाने मर्यादेच्या किमान ९० टक्के खर्च केलाच पाहिजे अशी अटही आहे. आयपीएलमध्ये २०२५ साठी थैली होती १२० कोटींची; ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले, म्हणजे साडेबावीस टक्के. कबड्डीत मात्र एका माणसाचा वाटा २०१४ मधल्या २१ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ५२ टक्क्यांवर गेला.

टायटन्सनी यातून धडा घेतला असं त्यांच्या पुढच्या चोपडीवरून दिसतं. २०२५ च्या बाराव्या हंगामात पवन त्यांच्याकडे नव्हता. तमिळ थलायवाजने त्याला ५९ लाख ५० हजारांना घेतलं. टायटन्सनी भरत हुड्डाला ८१ लाख दिले आणि विजय मलिकला बोलीची बरोबरी करून ५१ लाख ५० हजारांना राखलं. दोघांचे मिळून १ कोटी ३२ लाख ५० हजार, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या एकट्या पवनच्या जवळपास निम्मे. २०२३ पर्यंत लागोपाठ तीन हंगाम तळाला राहिलेला हा संघ या वेळी अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. तिथे समोर कोण, तर पुणेरी पलटण. वांकिडीच्या मराठी माणसाचे दोन्ही संघ आमनेसामने. पुण्याने ५०-४५ असा सामना काढला, आदित्य शिंदे या तरुण चढाईपटूच्या जोरावर. पुढे अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असं हरवलं.

थैली मात्र २०२३ पासून पाच कोटींवरच अडली आहे, आणि लिलावातली खालची पायरी त्याहून जास्त बोचते. ‘ड’ वर्गाची आधारकिंमत ९ लाख. हमीभावाने १११ क्विंटल कापूस. या वर्गातल्या मुलाचाही खांदा सिद्धार्थच्या खांद्यासारखाच निखळू शकतो, पण त्याच्या गाठीला मागच्या हंगामाचे एक कोटी पंचेचाळीस लाख नसतात. छत किती उंच न्यायचं यावर मालक मंडळींनी हवी तेवढी चर्चा करावी. माझ्या मते आधी जमीन वर यायला हवी. एका संघात असे दहा जण धरले आणि प्रत्येकाची किमान रक्कम ९ लाखांवरून १५ लाख केली, तर संघामागे वाढतात ६० लाख. २०१४ मध्ये तेवढ्यात एक अख्खा संघ उभा राहत होता. बारा संघांचे मिळून होतात ७ कोटी २० लाख. थैली ५ कोटींची ५ कोटी ६० लाख करायची आणि ती वाढ फक्त ‘ड’ वर्गासाठी बांधून ठेवायची, एवढा एकच नियम पुढच्या लिलावाआधी लिहावा लागेल.